बारा घरांची बिल्डिंग आणि 1080 पिक्सेल

(या भागाचं शब्दांकन. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय. "ॲक्च्युअली" मात्र निम्मे काढून टाकलेत.)

मागे विमानाचा आवाज आला तर चालवून घ्या. विलेपार्ल्यात राहून विमानाशिवाय रेकॉर्डिंग करायचं तर रात्री तीनला उठावं लागेल, आणि तेव्हाही खात्री नाही.

बरेच जण मला मेसेज करून विचारतात की टॅबवर चित्रं काढायचीत, कुठला टॅब घेऊ, कुठलं ॲप घेऊ. त्याचं उत्तर देतो, पण आधी माझी एक चूक सांगतो. टॅब कुठलाही घेतलात तरी ही चूक तुमच्याकडून होऊ शकते, आणि ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्या बाबतीत उशीर म्हणजे आमची बिल्डिंग रिकामी झाली होती.

थोडी पार्श्वभूमी. मी बीटेक, दिवसभर बॅकएंडचा कोड लिहितो. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षा. महाराष्ट्रात शिकलेल्यांना माहीत असेल, कॅमलचे पोस्टर कलर, पाण्याचा डबा आणि ड्रॉइंग बोर्ड घेऊन रविवारी दुसऱ्याच्या शाळेत जायचं. इंटरमीजिएटला मला सी ग्रेड होती. त्यानंतर बारा वर्षं ब्रश हातात धरला नाही. मग लॉकडाऊननंतर कधीतरी सेकंडहँड टॅब घेतला, 4 जीबी रॅमवाला, पेनसकट, आणि पुन्हा सुरू झालं.

आता तो टॅबचा प्रश्न उरकून टाकतो. आयपॅड असेल तर लोक प्रोक्रिएट घेतात. ते टास्मानियातल्या होबार्टच्या एका कंपनीनं 2011 मध्ये आणलं, एकदाच पैसे भरायचे, दर महिन्याला नाही. अँड्रॉइडवर ते मिळत नाही. तिथे स्केचबुक आहे, आयबिस पेंट आहे, इन्फिनिट पेंटर आहे. क्रिटा आहे, ते तर पूर्ण फुकट आणि ओपन सोर्स. माझं स्केचबुकवर भागतं. पेनबद्दल एवढंच सांगतो की दाबाप्रमाणे रेघ जाडबारीक होणारं पेन हवं. टोकाला जाड रबर असलेलं शंभर रुपयांचं पेन म्हणजे बोटच, फक्त लांब. आणि मुंबईच्या हवेत मनगट काचेला चिकटतं, हे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये सांगत नाहीत. मी हाताखाली सुती रुमाल ठेवतो. आईचा जुना रुमाल आहे, तीनशे रुपयांच्या ग्लव्हपेक्षा चांगलं काम करतो.

झालं. आता बिल्डिंग.

आमची बिल्डिंग पार्ले पूर्वेला, हनुमान रोडच्या आतल्या एका गल्लीत. तळमजला अधिक दोन, बारा घरं, साठच्या दशकातलं बांधकाम. समोर आंबा, मागे विहीर होती ती माझ्या जन्माआधीच बुजवलेली. रीडेव्हलपमेंटची चर्चा मी पाचवीत होतो तेव्हापासून ऐकतोय. पार्ल्यात हे सगळ्यांचंच आहे. डोक्यावरून विमानं उतरतात म्हणून इमारत किती उंच करायची यावर मर्यादा, त्यामुळे बिल्डर येतात, गणित मांडतात आणि जातात. आमच्याकडचं गणित शेवटी जमलं. गेल्या वर्षी मार्चअखेर घरं रिकामी करायची असं ठरलं.

ते ठरलं त्याच्या आधीच्या डिसेंबरात मी बिल्डिंगचं चित्र काढलं होतं. गल्लीत उभं राहून मोबाइलवर फोटो काढला, फोटो ॲपमध्ये खालच्या लेयरवर टाकला, त्याची ओपॅसिटी कमी केली आणि वरच्या लेयरवर रेघा मारल्या. दोन रात्री लागल्या. खिडकीचा प्रत्येक गज काढला, कारण झूम करता येतं. 400 टक्के झूम करून मी एका खिडकीच्या बिजागरीवर पाऊण तास घालवलाय. ती बिजागरी चित्र पाहणाऱ्या एकाही माणसाला दिसणार नव्हती. कागदावर असला वेडेपणा करायची सोयच नसते, पेन्सिलचं टोकच तेवढं बारीक नसतं.

चित्र इन्स्टाग्रामवर टाकलं, बऱ्यापैकी लाइक मिळाले, आईनं नातेवाइकांना फॉरवर्ड केलं. सगळे खूश. फक्त पहिल्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या बाई नव्हत्या.

बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत. जिन्यात भेटल्या, माझा मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "छान आहे रे. पण आपल्या गॅलऱ्या इतक्या सरळ कधी होत्या?"

बरोबर होतं. मी रेघ सरळ करणारी सोय चालू ठेवली होती. हात थरथरला तरी ॲप रेघ गुळगुळीत करून देतं. साठ वर्षांची गॅलरी मधोमध थोडी खाली झुकलेली असते, कठडा एका बाजूला कललेला असतो. माझ्या चित्रातली बिल्डिंग काल रंग देऊन उभी केल्यासारखी दिसत होती.

मग बाई म्हणाल्या, "आणि माणसं कुठायत?"

मी म्हटलं, "बाई, हे बिल्डिंगचं चित्र आहे."

"अस्सं," म्हणाल्या आणि भाजीची पिशवी घेऊन वर गेल्या. तो विषय मी तिथेच सोडला. आता वाटतं, थांबून विचारायला हवं होतं.

मार्चमध्ये लोक हलायला लागले. कुणी अंधेरीला, कुणी ठाण्याला मुलाकडे, आम्ही सहार रोडच्या बाजूला भाड्यानं. सेक्रेटरी काकांचा फोन आला. मे महिन्यात सगळ्यांना एकदा हॉलमध्ये भेटायचंय, जेवण ठेवायचंय, तुझं ते चित्र मोठं करून लावू, आणि बारा घरांना एकेक छोटी प्रत देऊ. दोन फूट बाय अडीच फूट हवं म्हणाले. मी म्हटलं, काका, काही प्रॉब्लेम नाही, फाइल तयार आहे.

फाइल घेऊन स्टेशनजवळच्या प्रिंटवाल्याकडे गेलो. तिथल्या मुलानं फाइल उघडली, स्क्रीनवर मोठी केली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हे फुटणार."

मंडळी, मी इंजिनिअर आहे. पिक्सेल म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही. आणि तरी मी कॅनव्हास उघडताना इन्स्टाग्रामचा साइज निवडला होता, 1080 बाय 1350. कारण चित्र जाणार कुठे, तर इन्स्टाग्रामवर. दोन फूट म्हणजे 24 इंच. 1080 भागिले 24, म्हणजे एका इंचात 45 पिक्सेल. चांगल्या छपाईला 300 लागतात. मोठं चित्र भिंतीवर लावून चार पावलांवरून बघायचं असेल तर 150 सुद्धा चालतात. 45 मध्ये माझी ती पाऊण तासाची बिजागरी म्हणजे चार चौकोनी ठिपके.

आधी मी तेच केलं जे तुम्हीही कराल. फाइल मोठी करणारं एक टूल वापरून पाहिलं. रेघा धारदार झाल्या, पण आंब्याची पानं प्लॅस्टिकची झाली. मग तिसऱ्या घरातला अकरावीतला मुलगा म्हणाला, "दादा, एआयला फोटो दे ना, घिबली करून देईल." तेव्हा ती लाट जोरात होती, 2025 च्या मार्चअखेरची गोष्ट. दिला. चित्र गोड आलं, खोटं नाही बोलत. पण जिना उजवीकडून डावीकडे गेला होता, आणि फाटकावरच्या पाटीवर मराठीसारखं दिसणारं काहीतरी लिहिलं होतं जे कुठल्याच भाषेत नव्हतं. आईनं पाहिलं आणि विचारलं, "हे कुणाचं घर?"

मग ठरवलं की पुन्हा काढायचं, मोठ्या कॅनव्हासवर, आणि या वेळी समोर बसून. शनिवारी सकाळी टॅब घेऊन गल्लीत गेलो.

ज्यांची बिल्डिंग पाडली गेलीये त्यांना माहीत असेल. भिंती पाडायच्या आधी भंगारवाले येतात. दारं, खिडक्या, ग्रिल, नळ, सगळं आधी काढून नेतात. मी गेलो तेव्हा बिल्डिंग उभी होती, पण खिडक्यांच्या जागी नुसती भोकं होती आणि आमच्या स्वयंपाकघराची निळी भिंत रस्त्यावरून दिसत होती. ती भिंत रस्त्यावरून दिसू नये असं का वाटलं ते सांगता येणार नाही. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर दहा मिनिटं बसलो. टॅब पिशवीतून बाहेर काढलाच नाही.

संध्याकाळी बाईंना फोन केला. सगळं सांगितलं, पिक्सेलपासून भंगारवाल्यापर्यंत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "इंटरमीजिएटला किती पेपर असतात, आठवतंय?"

मी म्हटलं, स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती...

"स्मरणचित्र विसरलास. त्यातच सी मिळाली असणार तुला. ते काढ."

स्मरणचित्र म्हणजे कसं, तर समोर काही ठेवलेलं नसतं. बाजार, बसस्टॉप, शाळेचं मैदान असा विषय देतात आणि आठवून काढायचं. आणि त्यात माणसं लागतात. नुसता बसस्टॉप काढून भागत नाही.

आता जरा तांत्रिक, पण हा भाग महत्त्वाचा आहे. दोन बाय अडीच फुटाला 300 च्या हिशोबानं कॅनव्हास होतो 7200 बाय 9000, म्हणजे साडेसहा कोटी पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरा, तर एका लेयरला जवळपास 260 एमबी. दहा लेयर झाले की अडीच जीबीच्या वर. माझ्या टॅबची रॅमच चार, त्यातली निम्मी अँड्रॉइड खातं. ॲप यात थोडी काटकसर करतं, पण चमत्कार करत नाही, म्हणूनच कॅनव्हास मोठा केला की ते लेयरची संख्या कमी करून टाकतं. 150 वर आलो तर 3600 बाय 4500, एका लेयरला 65 एमबी. हे झेपलं. पण लेयर मोजूनमापून वापरावे लागले. पहिल्या चित्रात मी कुंडीलासुद्धा वेगळा लेयर दिला होता. आता आकाश आणि आंबा एकात, बिल्डिंग एकात, आणि उरलेले सगळे माणसांसाठी ठेवले.

रेघ सरळ करणारी सोय बंद केली. झूम 100 टक्क्यांच्या वर न्यायचं नाही असं स्वतःला बजावलं. दोनदा मोडलं, कबूल.

एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. पहिलं चित्र काढताना मी टाइमलॅप्स रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. ते थांबवत थांबवत पाहिलं, तेव्हा जिन्याची खिडकी कुठे होती, पाण्याची टाकी किती मागे होती हे मिळालं. बाकीचं आठवून काढलं. आणि तिथे लक्षात आलं की मला बिल्डिंग फारशी आठवतच नव्हती. एकोणतीस वर्षं राहिलो तिथे. पायऱ्या किती होत्या? फाटकाची कडी कुठल्या बाजूला होती? तळमजल्याच्या गॅलरीत जाळी होती की गज? बिजागरी तेवढी पाठ होती.

म्हणून कच्चं रेखाटन सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि लिहिलं, चुका सांगा.

पुढचे दहा दिवस ऑफिसात माझं लक्ष नव्हतं. ग्रुपवर एरवी गुड मॉर्निंगशिवाय काही येत नाही, तिथे लोक रात्री बाराला व्हॉइस नोट पाठवत होते. पायऱ्या पाच नव्हे, सहा, सहावी अर्धी जमिनीत गेलेली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत तुळस नव्हती, ओवा होता. आंब्याची एक फांदी आमच्या बाजूला वळलेली होती आणि त्यावरून दोन घरं पंधरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. हे मला तेव्हाच कळलं. तळमजल्याच्या आजींनी फोन करून सांगितलं की भिंतीवर पाण्याची रेघ दाखव. 26 जुलै 2005 च्या पावसाची. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता, आणि आजींच्या घरात पाणी कमरेपर्यंत होतं. नंतर दोनदा रंग दिला तरी ती रेघ वर यायची. माझ्या डिसेंबरच्या फोटोत ती होती का, म्हणून मी फोटो उघडून पाहिला. होती. मी काढली नव्हती. डाग वाटला होता.

रंगावरून तर भांडण झालं. एक गट म्हणाला बिल्डिंग पिवळी, दुसरा म्हणाला पिस्त्याच्या रंगाची. दोघंही खरे, मध्ये रंग बदलला होता. मी दोन्ही लेयर केले, एक लपवायचा, दुसरा दाखवायचा, आणि दोन चित्रं ग्रुपवर टाकून मत घेतलं. पिवळा जिंकला, सात विरुद्ध पाच. पिस्तावाले अजून नाराज आहेत.

हे सगळं कागदावर केलं असतं तर? तिसऱ्या दुरुस्तीला कागद फाटला असता. वसंत सरवटे माहितीयत ना, पुलंच्या "बटाट्याची चाळ"मधली चित्रं काढणारे? पेशानं इंजिनिअर, सिमेंट कंपनीत नोकरी. आमच्यासारख्यांना तेवढाच आधार. त्यांची ती चाळीतली माणसं शाईच्या रेघेत उभी आहेत आणि शाईला अनडू नसतो. मला ते जमणार नाही. मला बारा घरं सुधारत होती आणि मी माणसांना बोटानं इकडून तिकडे सरकवत होतो. टॅबचा खरा फायदा मला तिथे कळला. बिजागरीसाठी झूम करणं सोडून एवढी वर्षं मी त्याचं काय करत होतो कोण जाणे.

माणसं शेवटी अकरा आली. बाई जिन्यात भाजीची पिशवी घेऊन. सेक्रेटरी काका पंपाचं बटण दाबायला निघालेले. ओवावाल्या काकू. गेटजवळ अकरावीतला मुलगा मोबाइलमध्ये. चौघं आता नाहीत. त्यातले एक माझे आजोबा. त्यांना मी आंब्याखाली खुर्चीवर बसवलंय, पेपर घेऊन. त्यांचा चेहरा मी सोळा वेळा पुसला. मग पेपर थोडा वर केला, नाकापर्यंत, आणि कपाळ आणि चष्मा तेवढा ठेवला. वाचताना ते तसंच धरायचे, हे खरंय. पण चेहरा जमत नव्हता, हेही खरंय.

एक मागणी पुरी करता आली नाही. आजी म्हणाल्या, बिस्किटाचा वास येऊ दे. स्टेशनजवळचा पार्लेचा कारखाना 2016 मध्ये बंद झाला, त्याआधी भट्टी चालू असली की अख्ख्या पूर्वेला वास यायचा. मी आजींना म्हटलं, आजी, वासाचा लेयर नाहीये ॲपमध्ये. त्या म्हणाल्या, "मग एवढ्या महागाचं कशाला घेतलंस?"

मेमध्ये जेवण झालं. बिल्डिंग तोवर जमीनदोस्त होऊन वर पत्रे लागले होते. चित्र हॉलच्या दाराशी लावलं होतं. प्रिंट नीट आला, चार पावलांवरून काहीच फुटत नव्हतं. मी मागे खुर्चीत बसून बघत होतो. प्रत्येक जण यायचा आणि आधी स्वतःची खिडकी शोधायचा, मग स्वतःला. आंब्याच्या फांदीवरून अबोला धरलेले दोन्ही काका चित्रासमोर एकाच वेळी आले. एक म्हणाले, "फांदी जरा जास्तच वळवलीये." दुसरे म्हणाले, "नाही, एवढीच होती." बोलले म्हणायचं की नाही, तुम्ही ठरवा.

बाई बराच वेळ उभ्या होत्या. मी जवळ गेलो, विचारलं, "बाई, ग्रेड?"

"बी," म्हणाल्या. "पंपाशी काकांचा हात आखूड झालाय."

घरी येऊन पाहिलं. झालाय. दुरुस्त केला नाही, छापून झालं होतं.

आणि आता शेवटची गंमत सांगून थांबतो. छोट्या प्रती वाटूनही ज्यांना फाइल हवी होती त्यांच्यासाठी मी ती ग्रुपवर टाकली, आणि स्पष्ट लिहिलं की डॉक्युमेंट म्हणून पाठवतोय, तीच डाउनलोड करा, कारण फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं. लोकांनी अंगठे दाखवले. चार दिवसांनी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या पुण्यातल्या मुलाचा फोन. त्याच्याकडे चित्र काकांकडून आलं होतं, काकांकडे काकूंकडून, काकूंनी स्क्रीनशॉट काढला होता. तो प्रिंटवाल्याच्या दुकानातूनच बोलत होता.

"अरे," म्हणाला, "हा माणूस म्हणतोय फुटणार."